धुळ्याची ओळख पटेना

७ एप्रिल २०२५, सोमवार

दीपमालानं नाशिकहून ही डायरी पाठवली. आत चिठ्ठी: ‘पप्पा, दिवसातून चार वेळा फोन करता. यापुढे तीन गोष्टी यात लिहा आणि चौथी मला सांगा.’ लग्न झालेली पोरगी बापाला असं बोलते. तिची आई गेल्यापासून घरात बोलायला दुसरं आहे कोण? बरं, लिहितो.

आज प्रेमराजशेठांचं काम घेतलं. शेठांची पार्सल कंपनी, मुख्य कचेरी जळगावला, शाखा धुळे, शिरपूर आणि भुसावळला. आजवर सगळा कारभार पावतीपुस्तकावर. शेठांनी एका बंद पडलेल्या परीक्षा केंद्राचे जुने कॉम्प्युटर उचलून आणले. त्यांत विंडोज टाकलं असतं, तर पडदा उजळेपर्यंत पार्सल शिरपूरला जाऊन परत आलं असतं. म्हणून मी सगळ्यांत लिनक्स टाकलं. हलकं, फुकट आणि न रुसणारं.

आता प्रत्येक शाखेत क्लायंट नावाचं एक छोटं सॉफ्टवेअर बसवायचं. ते इंटरनेटवरून जळगावच्या सर्व्हरचं दार ठोठावतं. आतून विचारणा होते, कोण? यानं परवलीचा शब्द सांगायचा. जुळला की खासगी बोगदा उघडला, आणि धुळ्याचं बुकिंग त्याच क्षणी जळगावच्या पडद्यावर. नाही जुळला तर दार बंद.

सर्व्हर लावायला पुण्याहून कौस्तुभ नावाचा इंजिनीअर आला होता. पोरगा हुशार, पण उन्हानं टोमॅटो झाला होता. कचेरीतच जेवण. मी टेबलाखाली केबल ओढत होतो. कौस्तुभनं विचारलं, “सर, परवलीचा शब्द काय ठेवायचा? एकदा टाकला की मलासुद्धा दिसणार नाही.”

शेठांचं घास चावणं थांबलं. कुर्रकन पापड मोडल्याचा आवाज आला.

“पापड शे,” शेठ म्हणाले.

“छान आहे सर. कुणाला सुचणार नाही.” टकटक टकटक, टाकलासुद्धा.

“बन्सीभाऊ, ध्यानमा ऱ्हायी ना?”

“ऐकलं शेठ. पापड.”

ऐकणारच. मी भुसावळच्या रेल्वे कॉलनीत पायरीवर बसून रेडिओ दुरुस्त करत मोठा झालो. खोक्याला कान लावून कोणता पार्ट मेला ते सांगायचो. आज जळगावच्या गोलाणी मार्केटात दुकान आहे, ते या दोन कानांच्या जोरावर.

निघताना शेठ म्हणाले, “आखाजीले बठ्ठं चालू पाह्यजे. पहिलं धुळं. ते जमनं नई तं धुळ्यानी शाखा बंद. भाडं कशाले भरू?” आखाजी म्हणजे आपली अक्षय्य तृतीया, याच महिन्याच्या तीस तारखेला.

९ एप्रिल, बुधवार

धुळे. शेठांची पार्सल गाडी रहीमभाई चालवतात, तिच्यातूनच गेलो.

“बन्सीभाऊ, आज धुळ्याला कोणतं पार्सल?”

“मीच.”

“वजन करून घेऊ का? नाजूक माल लिहू?”

शाखा पाचकंदीलजवळ एका जिन्याखाली. सांभाळतात चारुलताबाई. वय माझ्याहून थोडं कमी, चष्मा दोरीला, बोलणं एकदम पुस्तकी. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. सोबत आई, वच्छलाबाई; मागच्या खोलीतच दोघींचं बिऱ्हाड. त्या दाराशी खुर्ची टाकून येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करतात. सगळा खान्देश मला बन्सीभाऊ म्हणतो. चारुलताबाई मात्र बन्सीलालजी म्हणतात. हिंदी शाळेत शिकल्या असतील.

मी कमांड देत होतो, त्या मागे उभ्या.

“हे दर वेळी सुडो सुडो काय लिहिता?”

“हुकूम आहे. नुसतं सांगितलं तर लिनक्स ऐकत नाही. आधी सुडो म्हणायचं, म्हणजे मालकाच्या अधिकारानं सांगतोय. मग मुकाट्यानं करतं.”

“असं? मग तुम्हाला चहा घ्या म्हणताना सुडो म्हणावं लागेल. मघापासून तीनदा सांगितलं.”

चहा गार झाला होता. त्यांनी दुसरा केला.

क्लायंट सुरळीत बसला. सर्व्हरचा पत्ता टाकला, परवलीचा शब्द टाकला, पापड. इंग्रजीत पाटी आली. चारुलताबाईंनी मराठी करून वाचली: “ओळख पटली नाही.”

पुन्हा टाकला. ओळख पटली नाही. काढून नव्यानं बसवला. ओळख पटली नाही.

“घाई कशाला?” त्या म्हणाल्या. “ओळख पटायला वेळ लागतो.”

समजूतदार बाई.

१२ एप्रिल, शनिवार

काल तिचा फोन. तिचा म्हणजे चारुलताबाईंचा. “बन्सीलालजी, आता तर इंटरनेटच येत नाही.” सकाळी रहीमभाईंसोबत पुन्हा धुळे.

बघतो तर केबल मागून निघालेली. खोचली, आलं इंटरनेट. पण बोगद्याचं तेच, ओळख पटली नाही. मग मला खरा रोग सापडला! मशीनच्या आतल्या बॅटरीचा जीव गेलाय, घड्याळ आठ वर्षं मागे. सर्व्हर म्हणणारच, हा कोण जुन्या काळातला माणूस दार वाजवतोय? बॅटरी बदलली, घड्याळ लावलं. इतका आनंद झाला की वच्छलाबाईंना हात जोडून म्हटलं, “आई, झालं काम!”

नाही झालं.

“घड्याळ मागे होतं, तेव्हा कोणतं साल दाखवत होतं?” चारुलताबाईंनी विचारलं. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, “त्या वर्षी मी फार हसत नसे.”

कॉम्प्युटरच्या घड्याळाचा आणि त्याचा काय संबंध, देव जाणे. येताना त्यांनी बिबड्यांचा डबा दिला. ज्वारीचे पापडच ते, घरचे, गच्चीवर वाळवलेले. रहीमभाई म्हणाले, “मला या शाखेतून कधी पोचपावतीखेरीज काही मिळालं नाही.”

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. सकाळपासून वस्तीत साउंडची जबाबदारी माझ्याकडे. डाव्या भोंग्यात किंचित घरघर होती, कुणालाच ऐकू येत नव्हती, मला आली. तार बदलली. मिरवणूक झकास. निळा गुलाल अजून कानात आहे. बोगद्याचा विचार दिवसभर केला नाही. फक्त भाषण चालू असताना वाटलं, धुळ्यातल्या मिरवणुकीचा आवाज पाचकंदीलपर्यंत जात असेल का.

१७ एप्रिल, गुरुवार

पुन्हा केबल निघालेली! मी म्हटलं, “चारुलताबाई, हे उंदराचं काम आहे.”

“उंदीर?” त्यांनी चष्मा काढला. “इथे?”

“दुसरं कोण काढणार? केबलला प्लॅस्टिकची जीभ असते, ती दाबल्याशिवाय निघत नाही. म्हणजे उंदीर चांगला हुशार आहे.”

“असेल बाई,” त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. आतून खोकल्याची उबळ ऐकू आली. धूळ फार आहे धुळ्यात. वच्छलाबाई पदरात तोंड घालून बसल्या होत्या. त्यांनाही धुळीचा त्रास असावा.

आज एक गोष्ट कळली. शाखा बंद झाली तर चारुलताबाईंचा भाऊ दोघींना सुरतेला घेऊन जाणार आहे. कायमचं. आखाजीला घ्यायला येतोय. सणाला लेकींना माहेरी नेतात तसं नेणार, पण परत पाठवणार नाही.

“सुरत चांगलं आहे,” मी म्हटलं.

“हो. मोठे पूल आहेत.”

“आणि इथलं केबलिंग?”

“ते राहील इथेच,” त्या म्हणाल्या.

परतीच्या वाटेवर पारोळ्याला चहा कडू लागला. इतकं चांगलं केबलिंग, भिंतीला एक खिळा वाकडा नाही, आणि त्याच्यासमोर बसायला कुणी नसणार. कारागिराला वाईट वाटतंच.

२१ एप्रिल, सोमवार

कौस्तुभशी फोनवर भांडलो.

“काका, माझ्या बाजूनं सगळं ओके आहे. जळगावच्या कचेरीतलं मशीन चालतंय ना?”

“ते सर्व्हरच्या मांडीवर बसलंय. त्याला बोगदा लागतो कुठे?”

“मग तुम्ही परवलीचा शब्द चुकवताय.”

“तो शब्द मी माझ्या कानांनी ऐकलाय. म्हणून दाखवू?”

“नको! फोनवर अजिबात नाही! मेसेजवरही नाही. आमची पॉलिसी आहे.” घाबरला बिचारा. मग हळूच, “काका, आपण शब्दच बदलून टाकू या का? एक अर्ज टाकावा लागेल.”

“का बदलायचा? माझ्या कानांवर शंका आहे का?”

नाही म्हणाला. काय बिशाद. आज रागाच्या भरात क्लायंटची जुनी आवृत्ती लावून पाहिली, नवी लावली, त्याहून नवी लावली. राउटर बदलला. हे सगळं दुकानात बसून, शेवटी मोबाइलच्या इंटरनेटवरूनही. इथूनही ओळख पटत नाही. म्हणजे दोष धुळ्याचा नाही. हे कळल्यावर इतकं बरं का वाटलं?

खरंतर मग धुळ्याला जायची गरजच उरली नाही. इथूनच शोधता येईल. तरी गुरुवारी जाऊन येतो. उंदराचा पिंजरा घेतलाय, तो लावायला हवा.

दीपमालाला सांगितलं. ती म्हणाली, “पप्पा, त्या बाईंना पिंजरा नेताय?”

“बाईंना नाही, उंदराला.”

फोनमधून बराच वेळ नुसता हसण्याचा आवाज. नाशिकची हवा मानवलीय पोरीला.

२४ एप्रिल, गुरुवार

पिंजरा लावला. आत बिबड्याचा तुकडा ठेवला. चारुलताबाई म्हणाल्या, “माझे बिबडे उंदराला?” मी म्हटलं, “दुसऱ्या कशाला तो भुलणार नाही.” त्या लाल झाल्या. ऊन त्रेचाळीसवर गेलंय.

ओळख पटली नाही.

२६ एप्रिल, शनिवार

शेठांनी बोलावलं. समोर थंडगार मठ्ठा ठेवला, तेव्हाच ओळखलं की बातमी गरम आहे.

“बन्सीभाऊ, तू मन्हा माणूस. पन महिना व्हयी ऱ्हायना. मंगयवारलोंग दखस. नई तं आखाजीले धुळ्याना बोर्ड उतारी टाकसू.”

“शेठ, शाखा चांगली चालते.”

“चालस. पन दिसत नई ना. माले जयगावमा बसीसन दिसाले पाह्यजे.”

आयुष्यात पहिल्यांदा यंत्रासमोर हात टेकले. रेडिओ असता तर कान लावला असता. या बोगद्याला कान कुठे लावायचा? आणि खरं लिहायचं तर काम जाण्याचं दुःख कमी आहे. कामं येतात. मला सारखी ती जिन्याखालची खोली दिसते, आणि तिच्यात पंख्याचा आवाज नाही.

हे का लिहिलं कळत नाही. खोडत नाही. दीपमाला म्हणते खोडायचं नसतं.

२९ एप्रिल, मंगळवार

सरळ हातानं लिहिता येत नाहीये, हसू येतंय! नीट सांगतो.

शेवटचा दिवस. धुळ्याला सकाळीच पोचलो. चारुलताबाईंनी कपाट आवरायला घेतलं होतं. उद्या भाऊ येणार. दोन पिशव्या भरून दाराशी. आज केबल निघालेली नव्हती. मला त्याचंही वाईट वाटलं. उंदरानंसुद्धा आशा सोडली होती.

कौस्तुभला फोन लावला, स्पीकरवर ठेवला. म्हटलं, “बाबा, तू तिकडून दार बघ, मी इकडून ठोठावतो. आज एक तर तू राहशील नाहीतर मी.”

“काका, शांतपणे. शब्द टाका.”

टाकला. ओळख पटली नाही.

रहीमभाई टेकून उभे होते. तेवढ्यात वच्छलाबाई आतून आल्या, हातात ताटली. चुलीवर भाजलेले पापड, गरम. माझ्यासमोर ठेवले. मग त्यांना वाटलं, फोनमध्ये बसलेलं लेकरू उपाशी कसं ठेवायचं? वाकून फोनला तोंड लावलं आणि मोठ्यानं म्हणाल्या,

“लेका, पापड शे. खाशी का?”

फोनमधून किंकाळी आली.

“काकू! काकू, तो शब्द फोनवर बोलू नका!”

“आँ?” वच्छलाबाई दचकल्या. “आते पापड बी नई म्हनाना का?”

“पुन्हा नका बोलू ना! आणि काका, तुम्ही पासवर्ड घरभर सांगितलात?”

मी म्हटलं, “अरे पण त्या नुसतं म्हणाल्या की...” आणि ते शब्द पुन्हा कानात वाजले.

पापड शे.

पापड आहे. अहो, पापड आहे! शेठांनी जेवताजेवता सांगितलं, शब्द पापड आहे. आणि पुण्याच्या पोरानं आख्खा जसाच्या तसा टाकला. शे त्याला शब्दाचाच भाग वाटला. त्याला काय माहीत शे म्हणजे काय? आणि मला? मी अमळनेर तालुक्यात जन्मलो, आईच्या पोटात असल्यापासून शे ऐकतोय. इतका ऐकतोय की तो ऐकूच येत नाही. भोंग्यातली घरघर येते. हा नाही.

मी टाइप केलं. पापड, आणि त्याला चिकटून शे. मधे जागा नाही.

पडदा एक क्षण काळा झाला. मग हिरवा ठिपका. चारुलताबाईंनी वाचलं, अगदी हळू. “ओळख पटली.”

पुढचं काय सांगू! रहीमभाईंनी जिन्याखालीच उडी मारली आणि डोकं आपटून घेतलं. वच्छलाबाई विचारत होत्या, “मी काय करं? मी काय करं?” कौस्तुभ फोनमधून “शे म्हणजे काय? कुणीतरी सांगा ना, शे म्हणजे काय?” असं ओरडत होता. मी एक पापड कुर्रकन मोडून फोनजवळ धरला. म्हटलं, “ऐक. हा पापड. आणि हा इथे शे.”

चारुलताबाईंनी लगेच पहिलं बुकिंग केलं. पाठवणार: चारुलता. घेणार: बन्सीलाल, जळगाव. माल: पापड. क्षणात शेठांचा फोन. “दिसनं! दिसनं! पापड दिसनं! बोर्ड ऱ्हाऊ दे!”

चारुलताबाई पडद्याकडे पाहत होत्या. मग उठल्या, दाराशी गेल्या आणि भरलेल्या दोन पिशव्या आत घेऊन आल्या. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

३० एप्रिल, बुधवार. आखाजी

हे पारोळ्याला चहाच्या टपरीवर बसून लिहितोय. टेबल डुगडुगतंय, अक्षराला माफी.

सकाळी जळगावला मुहूर्त झाला. शेठांनी सर्व्हरला हार घातला, मी तो हळूच पंख्याच्या जाळीपासून बाजूला केला. धुळ्याची बुकिंगं धडाधड पडत होती. आता शिरपूर आणि भुसावळला क्लायंट बसवणं म्हणजे पापड मोडण्याइतकं सोपं. दुपारी शेठ आमरस आणि पुरणपोळीला घरी गेले, कचेरी बंद झाली. मी एकटाच बसून होतो. पडद्यावर शाखांचे दिवे. धुळे हिरवं. उगाच बघत होतो.

फोन वाजला.

“बन्सीलालजी, पुन्हा तुटलं हो.”

“काय सांगता? भाऊ आले का सुरतेचे?”

“आले, जेवले, निघालेसुद्धा. आईनं सांगून टाकलं, आमचा बोर्ड आहे अजून. पण इथे हे तुटलंय. तुम्हाला यावं लागेल.”

मी पडद्याकडे पाहिलं. “चारुलताबाई, मला तर इथे धुळे हिरवं दिसतंय.”

“हो का?” त्या म्हणाल्या. “थांबा हं.”

आणि मी ऐकलं. फोनमधून, पंख्याच्या आवाजाखालून, बारीकसं: टक. प्लॅस्टिकची जीभ दाबल्याचा आवाज. जगातला कुठलाही माणूस तो ओळखणार नाही. मी ओळखतो.

धुळे लाल झालं.

मी खुर्चीत मागे टेकलो. बन्सीलालजी. सुडो. गार झालेला चहा. त्या वर्षी मी फार हसत नसे. पदरात तोंड घालून बसलेल्या वच्छलाबाई. महिनाभर सगळं माझ्या कानावर पडत होतं. एकही अक्षर चुकीचं ऐकलं नाही मी.

“चारुलताबाई.”

“हं.”

“एक विचारू? तिथे उंदीर शे का?”

पलीकडे फक्त पंखा. मग लांबून वच्छलाबाईंचं दाबलेलं हसू. आणि मग त्या, ज्यांनी महिनाभर माझ्याशी पुस्तकातल्या मराठीत बोलणं सोडलं नव्हतं, आहे शिवाय दुसरा शब्द काढला नव्हता, एवढंच म्हणाल्या:

“शे.”

खाली आलो तर रहीमभाई गाडी चालू करून बसलेले. सुट्टीच्या दिवशी! मी विचारलं, कुठे निघालात? म्हणाले, “धुळ्याला. एक नाजूक माल आहे.” मग गंभीर तोंडानं, “दुकानातून दुसरा पिंजरा घ्यायचा का?”

म्हटलं, राहू दे.

चहा झाला. आज पारोळ्याचा चहा गोड आहे. रहीमभाई हॉर्न देताहेत. तीन गोष्टी लिहून झाल्या, चौथी दीपमालाला फोनवर सांगायची आहे. पण ती आधी धुळ्यात विचारून येतो.